नसलेल्याला कसं विचारायचं?

१९ जून, रात्री

आज जागतिक सिकलसेल दिवस, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणाऱ्या आमच्या घरातल्या रक्ताच्या आजाराचा दिवस. सकाळपासून फोनवर तेच फलक येत आहेत: लग्नाआधी कुंडली नको, रक्त तपासा. आम्ही तपासलं होतं. मी एएस, म्हणजे या आजाराची वाहक, नवराही एएस. सगळं माहीत असूनही लग्न केलं, कारण हाच माणूस हवा होता, आणि मुलाचं मुलाच्या वेळी बघू असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. आता ती वेळ आली आहे. सासूबाई विचारतात. आई विचारत नाही, आणि तिचं न विचारणंच मला जास्त ऐकू येतं.

आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल पूर्ण निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि एसएस, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असण्याची २५ टक्के. बऱ्याच जणांना वाटतं, चार मुलं झाली तर त्यांतलं एक. तसं काही नसतं. दर खेपेला शक्यता तेवढीच राहते. आईबाबांना आम्ही दोघंच. दादा एसएस, मी एएस.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं, डिसेंबरात थंडी बाधली, साधा ताप आला, की दादाला क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका. हाडांच्या आतून दुखतं, म्हणतो तो. लहानपणी मी त्याच्या पोटऱ्या चोळत बसायचे आणि तो उशी दातांत धरायचा. पुढे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटला आणि काठी आली. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू झाल्यापासून क्रायसिस बरेच कमी झालेत, पण गेलेलं हाड परत येत नाही.

हाच दादा दहावीच्या पोरांना गणित शिकवतो. आमच्या अंगणात सायकली मावत नाहीत. भूमितीचं प्रमेय सुटलं की त्याचा चेहरा जो उजळतो, तसा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ डेव्हिड बेनटार यांचं म्हणणं मी गेले काही महिने वाचते आहे. ते म्हणतात, दुःख नसणं हे चांगलंच, मग ते चांगलं अनुभवायला कोणी असो वा नसो. सुख नसणं मात्र वाईट ठरतं ते कोणी त्याला मुकत असेल तरच. जो जन्मलाच नाही तो कशालाही मुकत नाही. म्हणून जन्माला न घालण्यात कोणाचं नुकसान नाही, आणि जन्माला घालण्यात नेहमीच आहे. वाचताना पहिल्यांदा राग आला. मग राग गेला आणि युक्तिवाद तिथेच राहिला. नसलेल्याची परवानगी घेता येत नाही, हे तर खरंच आहे. जगातलं कुठलंही मूल आपल्या होकाराने आलेलं नाही.

पण शेवटचं पाऊल मला टाकता येत नाही. दादा प्रमेय सोडवतो तेव्हाच्या आनंदाची किंमत त्या मांडणीत शून्य होते. तो आनंद जगात आला नसता तरी काहीच बिघडलं नसतं, हे मान्य करायला माझं मन तयार नाही. माझ्याकडे त्याला तर्काचं उत्तर नसेल. माझ्याकडे दादा आहे.

आमच्या घरात याला आणखी एक बाजू आहे. जन्म हेच दुःख, हे वाक्य बुद्धाच्या नावावर सांगितलं जातं. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यांबद्दल शंका घेतली आहे. जगणं दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, असं असेल तर माणसाला आशाच उरत नाही. मग हे मूळ शिकवणुकीतलं की भिक्खूंनी मागाहून घातलेलं, असा त्यांचा प्रश्न होता. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचा बुद्ध दुःखाचं अस्तित्व मान्य करतो आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं हाच धम्माचा पाया मानतो. मला हे पटतं. कारण दादाच्या दुःखातला मोठा हिस्सा व्हॅलिनमुळे आलेला नव्हता. वेळेवर रक्त न मिळणं, ‘नाटकं करतो’ असं शिक्षकांनी वर्गासमोर म्हणणं, ठरत आलेली सोयरीक कुजबुजीवर मोडणं, हे सगळं माणसांनी केलेलं होतं आणि माणसांना टाळता येण्यासारखं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला तेव्हा दादा चाळिशीकडे झुकला होता.

आणि त्याच बाबासाहेबांनी १९३४ मध्ये संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांचा खटला लढवला, १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आपल्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मांडायला लावला. तो फेटाळला गेला, पण त्याचा विचार करताना मला एक गोष्ट जाणवली. मूल टाळायचं साधन हातात नव्हतं तोवर आईबापांना जाब विचारणंच शक्य नव्हतं. साधन आलं आणि जबाबदारीही आली. माझ्या आईला दादाच्या वेळी एएस म्हणजे काय ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिला कोणी काही विचारू शकत नाही. मला विचारू शकतात. उद्या माझं मूल एसएस झालं आणि क्रायसिसमध्ये मला म्हणालं की तुला माहीत होतं ना, तर माझ्याकडे नाही म्हणायला जागा नाही.

मागच्या रविवारी दादाला सरळ विचारलं. तुला वाटतं का रे कधी, की जन्मलोच नसतो तर बरं?

“काऊन विचारते?” म्हणाला. मग बराच वेळ गप्प. “मले असं कधी वाटलं नाही. दुखते तेव्हा तर जन्म-बिन्म काही आठवतच नाही, नुसतं दुखनं असते. आन् दुखनं थांबलं का वाटते, बरं झालं आलो.” मी म्हटलं, मग माझ्या बाळाचं काय? तर त्याने मान हलवली. “माहीत असून नको करू. मी आलो ते आलो.”

या दोन उत्तरांमध्ये विसंगती आहे का, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. मला वाटतं, नाही. चालू असलेलं आयुष्य पुढे जगण्याजोगं आहे का आणि नवं आयुष्य सुरू करण्याजोगं आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हा फरक बेनटारही करतात, आणि इथे ते मला बरोबर वाटतात. पहिल्याचं उत्तर देण्याचा हक्क फक्त दादाचा. दुसऱ्याचं उत्तर मला द्यायचं आहे, आणि ज्याच्या वतीने द्यायचं तो अजून कुठेच नाही. दादाचं जगणं मोलाचं आहे म्हणून तसं दुखणं मुद्दाम दुसऱ्याच्या वाट्याला द्यावं, असं होत नाही.

तरीही सगळ्यात अवघड जागा हीच आहे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करता येते, आणि अशा रक्तदोषांसाठी ती कायद्याला मान्य आहे. एसएस निघालं तर गर्भ ठेवायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. पण मग दादाला काय सांगायचं? तुझ्यासारखं कोणी येत होतं आणि आम्ही येऊ दिलं नाही, हे वाक्य मला तोंडातून काढता येत नाही. आईला एकदा विचारलं होतं, तुला तेव्हा हे माहीत असतं तर? ती एवढंच म्हणाली, “मग दादा नसता,” आणि भाकरी थापायला लागली. ती चुकीचं बोलली नाही. मीही चुकीचं ठरवत नाहीये, असं मला वाटतं. दादाने स्वतः ‘नको करू’ म्हटलं आहे, पण ते म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, हेही मी विसरू शकत नाही.

नवरा म्हणतो, दत्तक घेऊ. जे मूल आधीच आलेलं आहे त्याच्याबद्दल हा प्रश्नच पडत नाही. खरं आहे. त्यासाठी लग्नाला दोन वर्षं पूर्ण लागतात, ती आमची झाली आहेत. नाव नोंदवणार आहोत. पण मला पोटातलं मूलही हवं आहे, आणि ही इच्छा कोणाच्या भल्यासाठी नाही, माझी आहे. ती असणं मला गैर वाटत नाही. फक्त तिच्यासाठी दुसऱ्या कोणी किती सोसायचं, याला मी मर्यादा घालते आहे.

आणि मूल एएस निघालं, ज्याची शक्यता सगळ्यात जास्त, तर ते जवळपास निरोगीच जगेल. पण लग्नाच्या वयात त्यालाही आम्हाला आधी रक्त तपासायला सांगावं लागेल आणि दादामामाची सगळी गोष्ट सांगावी लागेल. ती दादानेच सांगावी, असं आज त्याला विचारलं. म्हणाला, “पयले येऊ तर दे.”