पुजानोव्स्की तक्ता: घड्याळ बाजूला ठेवलं आणि 2005 ची ओळ सुटली

मंडळी, पोलंडचा स्ट्राँगमन मारियुश पुजानोव्स्की याच्या 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन' स्पर्धांतल्या कामगिरीचा जो वर्षवार तक्ता मी करतोय, तो अखेर हलला. 2005 च्या ओळीने इतका पिच्छा पुरवला होता की मधे हे काम सोडूनच द्यावं असं वाटायला लागलं होतं. काल रात्री उशिरा एक गोष्ट लक्षात आली, आणि आज सकाळी स्पर्धांच्या तीन जुन्या व्हिडिओ फाइलींवर ती लावून पाहिली. चालते! म्हणून सगळं गोळा होईपर्यंत न थांबता लगेच लिहितोय.

मागच्या नोंदीत 2004 वर जो वाद रंगला, तो आधी मिटवतो. नासाउला मारियुश तिसरा आला, मग उत्तेजक चाचणीमुळे निकाल रद्द झाला आणि तिसरी जागा स्वीडनच्या मॅग्नस सॅम्युएल्सनला मिळाली. तुमच्यातल्या काहींचं म्हणणं, ती ओळ पूर्ण पुसा. मी ती ठेवतोय, पण करड्या रंगात. एकेका प्रकारात काय घडलं ते दिसेल, बेरजेत काहीही जाणार नाही. बंदी हासुद्धा कारकिर्दीचा भाग आहे आणि तो तक्त्यात दिसलाच पाहिजे. याच न्यायाने 2001 ची ओळही रिकामी पण हजर आहे: 2000 ला सन सिटीत पहिल्याच फटक्यात चौथा आलेला माणूस पुढच्या वर्षी तुरुंगात होता, आणि त्याच 2001 मध्ये फेरो बेटांवर कॉनन्स व्हील (वजनाचा दांडा हातांवर पेलून गोल चालायचा प्रकार) फिरवताना लिथुआनियाच्या झायड्रुनास सावित्स्कासचे दोन्ही गुडघे गेले. पुढचं दशक ज्या दोघांच्या नावाने ओळखलं जातं, ते दोघेही त्या वर्षी बाहेर. 2002 ला क्वालालंपूरमध्ये पुजानोव्स्की पहिला आणि सावित्स्कास दुसरा! मला ही दोन वर्षं एकाखाली एक पाहायला फार आवडतात.

आता मुख्य दुखणं. पाच विजेतेपदं: 2002, 2003, 2005, 2007, 2008. योन पॉल सिगमार्सन आणि मॅग्नुस व्हेर मॅग्नुसन या दोन्ही आइसलँडकरांची चार-चार होती, ती 2008 ला मागे पडली, आणि पाचाचा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो फुटीपासून. 2005 पासून इफ्सावाले (इफ्सा म्हणजे स्ट्राँगमनची दुसरी, प्रतिस्पर्धी संघटना) वेगळे झाले. सावित्स्कास गेला, 2004 चा विजेता, युक्रेनचा वासिल विरास्त्युकही गेला. तिकडे इफ्साच्या जागतिक स्पर्धेत 2005 आणि 2006 ला सावित्स्कास, 2007 ला विरास्त्युक. इकडे पुजानोव्स्की. म्हणजे पाचातली तीन विजेतेपदं अशा मैदानात आली, जिथे त्याचे दोन सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी नव्हते. दर वेळी कुणीतरी म्हणतं, "ती तीन अर्धीच धरा." आणि दर वेळी माझं उत्तर नुसतं चिडचिडीचं असायचं, कारण हातात पुरावा नव्हता.

गुण उपयोगाचे नाहीत, हे आपण मागेच ठरवलं. अंतिम फेरीत दहा जण, पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ. मैदान कमकुवत असलं तरी पहिल्याला दहाच मिळणार. म्हणून मी वेळेकडे वळलो होतो. फार्मर्स वॉक (दोन हातांत दोन वजनं घेऊन चालणं), योक (खांद्यांवर जड चौकट घेऊन चालणं), लोडिंग (जड वस्तू एकेक करून नेऊन ठेवणं) हे चालते प्रकार म्हणजे पुजानोव्स्कीचं राज्य. तिथे तो फुटीआधी किती वेगात होता आणि नंतर किती, एवढं मोजलं की झालं, असा हिशोब होता.

आणि इथेच सगळं रुतलं. वजन, अंतर, जमीन दर वर्षी वेगळी. ते एक वेळ सांभाळता येतं. सांभाळता येत नव्हतं ते टीव्हीचं संकलन. दोघे शेजारच्या पट्ट्यांत पळतात. कॅमेरा आधी एकाला दाखवतो, तो अर्ध्या वाटेवर पोहोचला की दुसऱ्यावर उडी, आणि हा दुसरा पडद्यावर दोन पावलं मागून सुरू होतो, म्हणजे तोच क्षण पुन्हा दाखवलेला असतो. शिट्टीपासून शेवटच्या रेषेपर्यंत फ्रेम मोजल्या तर येणारी वेळ पडद्यावरच्या अधिकृत वेळेपेक्षा जास्त भरते. ट्रक पुलमध्ये उलटं, मधला कंटाळवाणा भाग गाळलेला, म्हणून वेळ कमी भरते. कुठे वाढवलंय आणि कुठे कापलंय हे शोधण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. सावल्यांवरून पाहिलं, पंचाच्या हाताच्या जागेवरून पाहिलं, मागच्या गर्दीतल्या एका लाल टोपीवरूनही पाहिलं. ताळमेळ लागेना.

भरीस भर म्हणजे जुन्या डिस्क. एका विक्रेत्याकडून "मूळ प्रत" म्हणून मागवलेली डिस्क व्हीएचएसवरून उतरवलेली निघाली, तीही पालवरून (युरोपातली टीव्ही पद्धत) एनटीएससीत (अमेरिकेतली) बदललेली. असं रूपांतर झालं की दर काही फ्रेमनंतर दोन चित्रं एकमेकांवर चढलेली दिसतात, एकाच माणसाला चार पाय! पाऊल रेषेवर नक्की कधी टेकलं ते अशा चित्रात कळत नाही. माझं स्पष्ट मत: रूपांतरित प्रत फुकट मिळाली तरी मोजणीला घेऊ नका. युरोपात टीव्हीवरून थेट उतरवलेली पाल प्रत, कितीही धूसर असो, दहापट बरी. अशा प्रतीत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची (फील्ड) विणलेली असते. ती सुटी करताना, म्हणजे डीइंटरलेस करताना, प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम काढा. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडिफ फिल्टर ते नीट करतो. सेकंदाला 25 ऐवजी 50 चित्रं मिळतात, म्हणजे 0.02 सेकंदापर्यंत बारीक पाहता येतं. पाहायला एमपीव्ही हा प्लेअर घ्या, स्वल्पविराम आणि पूर्णविराम दाबून एकेक फ्रेम मागेपुढे सरकता येतं. मागे सरकता येणं या कामात सोन्यासारखं आहे.

तर काल रात्री असाच एक फार्मर्स वॉक मागेपुढे सरकवत बसलो होतो. शेवटचे काही मीटर, दोघेही चौकटीत. पुजानोव्स्कीची पावलं आखूड आणि भराभर. हातातली वजनं जवळजवळ झुलतच नाहीत, जणू जमिनीला समांतर वाहत चाललीत. शेजारच्याची पावलं लांब, दर पावलाला वजनं पुढे जातात, मागे येतात, आणि मागे येताना त्यालाही मागे खेचतात. पुजानोव्स्कीचा पाय रेषेवर, आणि त्याच फ्रेममध्ये शेजारचा अजून कितीतरी मागे. मी ती फ्रेम तशीच थांबवली आणि मग डोक्यात आलं, दोघांमधलं अंतर तर इथे माझ्यासमोरच आहे. याला कुठलंही संकलन बदलू शकत नाही!

वेळ मोजायचीच नाही. फरक मोजायचा. दोघेही एकाच चौकटीत असतील अशी फ्रेम शोधायची आणि पुढच्याचा पाय खुणेवर असताना मागचा किती मागे आहे ते पट्ट्यावरच्या खुणांवरून काढायचं. मधे कितीही कापाकापी झाली असली तरी त्या फ्रेममधलं सत्य तेच राहतं. शेवटच्या रेषेचा शॉट तर संकलक सहसा अखंडच ठेवतो, कारण खरा थरार तिथेच असतो. तिथे दोघांच्या पावलांमधल्या फ्रेम मोजल्या की सेकंदही मिळतात. वजन बदलो, जमीन बदलो, शेजारच्यालाही तेच वजन आणि तीच जमीन.

मग साखळी जोडायची. फुटीच्या दोन्ही बाजूंना खेळलेला माणूस हा पूल. अमेरिकेचा फिल फिस्टर त्यासाठी उत्तम. इफ्सा वेगळी होण्याआधी तो मैदानात होता, नंतरही होता, आणि 2006 ला तर तोच जिंकला. दुसरा पूल सॅम्युएल्सन. या दोघांशी पुजानोव्स्कीचा फरक आधी आणि नंतर किती, हे पाहिलं की मैदान रिकामं झालं म्हणून तो मोठा दिसत होता की तो होताच तेवढा मोठा, हे कळायला लागेल. सकाळच्या तीन फाइलींत तरी फरक आटलेला नाही. फुटीआधी जितका पुढे, तितकाच नंतर. निकाल म्हणून आकडे आत्ताच मांडत नाही, जोड्या फार थोड्या आहेत. पण 2005 चेंगडूच्या ओळीत पहिल्यांदाच रिकाम्या रकान्याऐवजी काहीतरी बसलं, आणि ते पाहताना जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

दोन आक्षेप मीच नोंदवून ठेवतो. एक, ज्याच्या हातून वजन सुटलं ती जोडी बाद. दोन, आणि हा जास्त महत्त्वाचा: पुजानोव्स्की पुढे गेला की शेजारी पाहतो. बऱ्याच शर्यतींत मान वळलेली स्पष्ट दिसते, आणि त्यानंतर पावलांची लय सैलावते. पुढच्या प्रकारासाठी ताकद राखायची हे त्याला फार चांगलं जमायचं. लहानपणापासूनचं क्योकुशिन कराटे आणि नंतरची मुष्टियुद्धाची तालीम यातून आलेला तो दम असावा असं मला वाटतं. त्यामुळे शेवटच्या रेषेवरचा फरक त्याच्या बाबतीत खऱ्यापेक्षा कमीच भरणार. म्हणून अर्ध्या वाटेवरचाही फरक घ्यायचा, मान वळण्याआधीचा. तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना करतोय.

स्थिर प्रकारांना हे लागू नाही. लॉग लिफ्टमध्ये (ओंडका डोक्यावर उचलणं) किलो आहेत, तिथे फरक मोजायला फ्रेमची गरज नाही, आणि तिथे सावित्स्कास त्याच्या वरचढ होता हे मी कधीच नाकारलेलं नाही. तीन विजेतेपदांच्या वर्षांत सावित्स्कास मैदानात असता तर स्थिर प्रकारांत पुजानोव्स्कीचे गुण गेले असते. प्रश्न चालत्या प्रकारांत तो ते भरून काढू शकला असता का, एवढाच. 2002 आणि 2003 ला त्याने ते भरून काढलं होतंच. 2009 ला मात्र, इफ्सावाले परतल्यावर माल्टामध्ये सावित्स्कास पहिला, तो दुसरा, आणि तिसरा ब्रायन शॉ. या ओळीचा अर्थ लावायला मला सर्वांत जास्त वेळ लागणार आहे, कारण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो केएसडब्ल्यू या पोलिश मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेच्या पिंजऱ्यात उतरला आणि मार्चिन नायमानला मिनिटाच्या आत हरवून मोकळा झाला. माल्टातला पुजानोव्स्की पूर्णपणे स्ट्राँगमनच होता की अर्धा लढवय्या झाला होता, हे चालत्या प्रकारांतला फरकच सांगेल.

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. ॲटलस स्टोन्स, म्हणजे जड गोल दगड एकेक करून ओट्यांवर ठेवायचा प्रकार! तिथेही दोघे शेजारी शेजारीच असतात, आणि प्रत्येक दगड ओट्यावर बसला की फरकाची एक नोंद घेता येते. म्हणजे एका जोडीतून एकच नव्हे, दर दगडाला एक आकडा. मी स्टोन्स पुढच्या टप्प्यावर ढकलले होते, ते आता आधी घेतो. 2006 ला चीनमधल्या सान्यात शेवटच्या स्टोन्सवरच फिस्टरने पुजानोव्स्कीला मागे टाकलं. फिस्टर जवळपास दोन मीटर उंच, पुजानोव्स्की 186 सेंटिमीटर. उंच माणसाला ओटा छातीच्या खाली येतो, त्याने दगड मांडीवरून उचलला की जवळजवळ सरकवायचाच असतो. बुटक्याला तोच दगड छातीवरून वर ढकलावा लागतो. माझा अंदाज, फरक उंच ओट्यांवर पडला असणार, जड दगडांवर नव्हे. आणि 2008 ला अमेरिकेत चार्ल्स्टनमध्ये दुसऱ्या आलेल्या डेरेक पाउंडस्टोनबरोबरच्या जोडीशी तो ताडून पाहता येईल. चार्ल्स्टन हे फिस्टरचं गाव, तिथेच तो अग्निशमन दलात होता. त्याच्या गावात जाऊन पुजानोव्स्कीने पाचवं विजेतेपद घेतलं, हे मला कायम भारी वाटत आलंय.

तर क्रम बदलला: आधी सान्या, मग चार्ल्स्टन, मग उरलेले फार्मर्स वॉक. 2007 अनाहाइम तोपर्यंत थांबेल. तिथे दुसरा आलेला सेबास्तियान वेन्टाही पोलंडचाच, आणि या दोघांच्या जोड्या पोलंडमधल्या घरच्या स्पर्धांत आणखी मिळतील असं वाटतंय. कुणाकडे 1999 नंतरच्या पोलिश स्पर्धांची टीव्हीवरून उतरवलेली प्रत असेल तर सांगा. त्याची पहिली स्पर्धा 1 मे 1999 ला प्वोत्स्कमध्ये झाली, तिथपर्यंत मागे जाता आलं तर सोन्याहून पिवळं. 2003 झांबियाची पाल प्रतही हवी आहे, माझ्याकडची चार पायांची आहे. सान्याची फाइल डीइंटरलेसला लावली आहे, रात्रीतून होईल.