महागाई उतरली, भाव नाहीत

"आई, महागाईचा दर २ टक्क्यांवर आला म्हणून सगळ्यांना एवढा आनंद का झाला होता? भाव तर खाली आलेच नव्हते."

लेकीनं सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथे ब्रिटनमधल्या अकरावी-बारावीला, अर्थशास्त्र घेतलंय. वहीत ब्रिटनच्या महागाईचा आलेख होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्के, मे २०२४ मध्ये २ टक्के. रेघ घसरत आलेली. तिनं त्याखाली दुसरी रेघ काढली, किमतींची. ती कुठेच उतरत नव्हती, फक्त तिचा चढ कमी झाला होता.

मग पेन्सिल थांबवून म्हणाली, "ज्यांचा पगार तेवढा वाढला नाही, त्यांचं काय?"

दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. बँक ऑफ इंग्लंडचं, म्हणजे ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेचं, उद्दिष्ट भाव वर्षाला २ टक्क्यांनीच वाढावेत एवढं आहे. आधी चढलेले भाव परत खाली आणणं हे त्यात नाहीच! हे कळलं की दुकानातली पावती वेगळी वाटायला लागते.

इथे बहुतेक मुलांना हा विषय सोळाव्या वर्षानंतर, तोही निवडला तरच भेटतो. कित्येक सरकारी शाळांत तो नसतोच. त्यात हा विषय घेणाऱ्या मुली मुलांपेक्षा बऱ्याच कमी. मला हे फार खटकतं.

तुमच्या घरातल्या मुलांना हे कोण शिकवतं?