वाचलेल्या फाइल आणि परत बसवायची आवृत्ती

कामाच्या संगणकाची मुख्य डिस्क अचानक बंद पडली आणि तिच्याबरोबर फोटो संपादनाची दोन्ही सॉफ्टवेअरे, त्यांच्या सेटिंग, प्रीसेट (साठवून ठेवलेल्या तयार जुळण्या) आणि बरेचसे अर्धवट काम गेले. मूळ रॉ फोटोंपैकी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलपैकी) बहुतेक बाहेरच्या डिस्कवर सुखरूप होते. काही फोल्डर मात्र बिघडलेल्या डिस्कवरून फोटोरेक या हरवलेल्या फाइल शोधणाऱ्या साधनाच्या मदतीने परत मिळवावे लागले. नवी डिस्क बसल्यानंतर पहिला प्रश्न उभा राहिला तो हा, की ही सॉफ्टवेअरे परत घालायची, पण कोणती आवृत्ती? संकेतस्थळावर सर्वांत ताजी म्हणून जी दिसते ती उतरवून मोकळे व्हावे, असे कोणीही सांगेल. मला ते पटत नाही. डेटा गमावल्यानंतर आवृत्ती निवडताना नव्या सोयी दुय्यम ठरतात. वाचलेल्या फाइल कोणत्या आवृत्तीने लिहिल्या होत्या आणि त्या आज कोणती आवृत्ती जशाच्या तशा वाचू शकते, हे आधी पाहावे लागते. मी रॉ फोटोंसाठी डार्कटेबल आणि लेयरवरच्या (चित्राच्या एकावर एक थरांवरच्या) कामासाठी जिंप वापरतो, आणि ही एकच कसोटी लावल्यावर दोघांबाबत वेगवेगळी उत्तरे मिळाली.

ही सावधगिरी हवी, कारण आवृत्त्यांचा रस्ता बहुधा एकेरी असतो. जुनी फाइल नव्या आवृत्तीत सहसा उघडते, पण नव्या आवृत्तीत एकदा साठवलेली फाइल जुनीला कळेलच याची खात्री नसते. अॅफिनिटी फोटो या संपादन सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. तिच्यात साठवलेली फाइल पहिल्या आवृत्तीत उघडत नाही. अडोबीचा लाइटरूम जुना कॅटलॉग, म्हणजे फोटो आणि बदलांच्या नोंदींचा साठा, नव्या मांडणीत आणतो आणि तो नवा कॅटलॉग जुन्या लाइटरूमच्या उपयोगाचा राहत नाही. डार्कटेबलचेही तसेच आहे: नव्या आवृत्तीने त्याचा डेटाबेस अद्ययावत केला, की जुनी आवृत्ती तो उघडायलाच नकार देते. म्हणून वाचलेल्या फाइलची एक प्रत वेगळी काढून तिला हात न लावता ठेवणे आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करणे, हे काम इन्स्टॉलेशनच्या आधी उरकले पाहिजे.

डिस्कच गेल्यावर आपण पूर्वी नेमकी कोणती आवृत्ती वापरत होतो, हे कुठून कळणार? याचे उत्तर बहुधा आपल्याच जुन्या जेपीईजीमध्ये असते. डार्कटेबल, जिंप, लाइटरूम यांसारखी सॉफ्टवेअरे फोटो निर्यात करताना एक्झिफ माहितीतील (फोटो फाइलमध्येच दडलेल्या नोंदींतील) ‘सॉफ्टवेअर’ या रकान्यात आपले नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतात. एक्झिफटूल या साधनाने हा रकाना वाचता येतो. मेलने पाठवलेले, मोबाइलवर उरलेले असे जुने फोटो यासाठी चालतात. मात्र समाजमाध्यमांवरून परत उतरवलेल्या फोटोंमधून ही माहिती बहुधा पुसली गेलेली असते. माझ्या जुन्या फोटोंवर डार्कटेबल ३.६, नंतरच्यांवर ४ मालिकेतील आवृत्त्या आणि जिंपच्या कामावर सर्वत्र २.१० असे आढळले.

डार्कटेबलच्या बाबतीत खरा आधार होता तो प्रत्येक रॉ फाइलशेजारी पडलेल्या एक्सएमपी फाइलचा. डार्कटेबल मूळ फोटोला धक्का लावत नाही. केलेल्या बदलांची नोंद स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि तीच नोंद फोटोच्या फोल्डरमध्ये या जोडफाइलच्या रूपानेही लिहिते. डेटाबेस मुख्य डिस्कवर असल्यामुळे गेला होता, पण जोडफाइल फोटोंबरोबर बाहेरच्या डिस्कवर होत्या. अशी एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली, तर केलेल्या क्रिया एकाखाली एक मांडलेल्या दिसतात. प्रत्येक क्रियेपुढे मॉड्यूलचे, म्हणजे ती क्रिया करणाऱ्या भागाचे नाव, ‘मॉडव्हर्जन’ म्हणजे त्या मॉड्यूलची स्वतःची आवृत्ती, आणि त्यानंतर सांकेतिक अक्षरांची एक ओळ असते; स्लायडर कुठे होते ते या ओळीत दडलेले असते. यातला मॉडव्हर्जन हा आकडा निर्णायक आहे. तो लहान असेल, तर नवे डार्कटेबल जुन्या मांडणीचे रूपांतर स्वतःच करून घेते. तो जुन्या डार्कटेबलला माहीत असलेल्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर जुन्याला ती क्रिया लावता येत नाही. शिवाय कालबाह्य ठरवलेली मॉड्यूलही डार्कटेबल जुन्या फोटोंसाठी आतमध्ये जपून ठेवते. माझ्याकडे ३.६ आणि ४ या दोन्ही काळांतले बदल असल्यामुळे जुन्या आवृत्तीकडे परतण्यात अर्थ नव्हता. त्यातच कॅननच्या सीआर३ या रॉ प्रकाराची दखल डार्कटेबलने डिसेंबर २०२१ मधील ३.८ पासून घेतली, आणि माझे अलीकडचे सगळे फोटो त्याच प्रकारातले आहेत. तेव्हा येथे उत्तर ताज्या आवृत्तीचेच आले.

तरीही ती घातल्यावर प्रथम जोडफाइल लिहिण्याची सोय बंद केली, म्हणजे पाहता पाहता जुन्या नोंदींवर नवे काही लिहिले जाणार नाही. मग प्रतीच्या फोल्डरमधील काही फोटो आयात करून ते जुन्या जेपीईजीशेजारी ठेवून ताडून पाहिले. रंग आणि उजेड जुळले. काही फोटोंच्या कडांना मात्र किंचित फरक जाणवला. ते सगळे असे होते ज्यांना लेन्सची दुरुस्ती लावलेली होती. ही दुरुस्ती लेन्सफन या वेगळ्या संग्रहातील माहितीवर चालते आणि तो संग्रह डार्कटेबलपासून स्वतंत्रपणे सुधारत असतो, त्यामुळे या फरकात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

माझे प्रीसेट आणि स्टाइल (एकत्र लावायच्या क्रियांचे संच) ज्या वेगळ्या डेटाबेसमध्ये होत्या, तोही गेला होता. येथे जोडफाइल पुन्हा कामी आल्या, कारण एखाद्या फोटोवर झालेल्या क्रियांमधून डार्कटेबल नवी स्टाइल तयार करून देते. जो फोटो पूर्वी विशिष्ट स्टाइलने केला होता, तो उघडायचा आणि त्यातल्या हव्या त्या क्रिया निवडून स्टाइल म्हणून साठवायच्या. फोटोरेकने मिळवलेल्या फोल्डरांचे काम अधिक किचकट होते. फोटोरेक मूळ नावे परत देऊ शकत नाही. ‘एफ’ या अक्षरापुढे आकड्यांची रांग अशी नावे देते, त्यामुळे कोणती जोडफाइल कोणत्या फोटोची हे समजत नाही. परंतु जोडफाइलच्या आत ‘डिराइव्ड फ्रॉम’ या नोंदीत मूळ फोटोचे नाव आणि शेजारीच फोटो टिपल्याची वेळ असते, तर रॉ फाइलच्या एक्झिफमध्येही ती वेळ असते. दोन्ही जुळवून फोटोला त्याचे जुने नाव दिले, की जोडी लागते. काम वेळखाऊ आहे, पण पुन्हा पहिल्यापासून संपादन करण्यापेक्षा निश्चितच परवडते.

जिंपची गोष्ट वेगळी निघाली. जिंप २.१० एप्रिल २०१८ मध्ये आले आणि ३.० मार्च २०२५ मध्ये. तिसऱ्या आवृत्तीत लावलेला फिल्टर लेयरवर वेगळा राहतो आणि नंतरही बदलता येतो, हे तिचे मोठे आकर्षण आहे. पण माझ्या अर्धवट एक्ससीएफ (जिंपच्या स्वतःच्या प्रकारातील) फाइलमध्ये फिल्टर २.१० च्या रीतीने कायमचे लेयरमध्ये मिसळून गेले होते, आणि ते ३.० मध्ये उघडल्याने पुन्हा सुटे होणार नव्हते. म्हणजे जुन्या कामाला नव्या आवृत्तीचा लाभ शून्य. उलट नुकसान ठळक होते: २.१० साठी लिहिलेली प्लगइन (जादा जोडायची छोटी साधने) ३.० मध्ये चालत नाहीत, आणि माझे अर्धवट काम ज्या लहान पायथन स्क्रिप्टवर अवलंबून होते त्यांच्या प्रती तेवढ्या वाचल्या होत्या. त्या नव्याने लिहिता येतील, पण हातातले काम संपवण्याआधी नाही. म्हणून २.१० मालिकेतील २.१०.३८ घेतले. दोन्ही आवृत्त्या आपापल्या सेटिंग वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, त्यामुळे ३.० ही शेजारी घालता आले; मात्र त्यात नवेच काम सुरू करायचे आणि जुनी एक्ससीएफ त्यातून साठवायची नाही, अशी मर्यादा मी घालून घेतली आहे. कोणती फाइल किती जुन्या मांडणीची आहे असा संशय आल्यास ती हेक्स पाहण्याच्या, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे-अक्षरे दाखवणाऱ्या साधनात उघडावी. सुरुवातीलाच ‘जिंप एक्ससीएफ’ अशी अक्षरे आणि पुढे मांडणीचा क्रमांक दिसतो.

ही निवड मला करता आली, कारण या दोन्हींच्या जुन्या आवृत्त्या आजही उघडपणे उतरवून घेता येतात. कायमस्वरूपी परवाना विकत घेतलेल्यांना इतका वाव नसतो. फोटोशॉपची त्या प्रकारची शेवटची आवृत्ती म्हणजे २०१२ ची सीएस६, आणि लाइटरूमची २०१५ ची ६. त्या परत घालताना इन्स्टॉलर आणि अनुक्रमांक तर हवेतच, शिवाय मॅक असेल तर २०१९ च्या कॅटालिना या कार्यप्रणालीपासून जुन्या घडणीचे ३२-बिट सॉफ्टवेअर चालतच नाही हेही आडवे येते. अशा वेळी जुनी कार्यप्रणाली असलेला एखादा संगणक, निदान कॅटलॉगमधील बदल एक्सएमपीमध्ये उतरवून घेईपर्यंत, हाताशी असणे फार मोलाचे ठरते. गूगलचे फोटो सॉफ्टवेअर पिकासा वापरणाऱ्यांसाठी एक आडवळणाची सूचना: ते २०१६ मध्ये बंद झाले, पण त्यातले बदल प्रत्येक फोल्डरमधल्या लपवलेल्या आयएनआय फाइलमध्ये असतात, त्यामुळे फोटो वाचवताना लपवलेल्या फाइलही सोबत घ्याव्यात.

सध्या जिंप २.१० मध्ये एकेक अर्धवट फाइल पूर्ण करून तिची १६-बिट टिफ काढणे चालू आहे. ती रांग संपली की स्क्रिप्ट ३.० साठी लिहायला घेईन आणि मग २.१० काढून टाकीन. डार्कटेबलमध्ये ताडणी झालेल्या फोल्डरांतले फोटो निवडून त्यांच्या जोडफाइल पुन्हा लिहून घेतल्या आहेत. फोटोरेकमधून आलेले उरलेले फोल्डर जोड्या लागेपर्यंत तसेच बाजूला आहेत.