काटा हलत नाही तेव्हा

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचा पहिल्या आठवड्यातला उत्साह बघण्यासारखा असतो, आणि त्या उत्साहाचं कारण बहुतांशी पाणी असतं. भात-पोळी कमी झाली की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, खर्चाला काढतं. या साठ्याच्या एकेका ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साठा संपला की तेही जातं, आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी बिचारी अजून जागची फारशी हललेलीही नसते. आपण मात्र पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवतो. बहिणीला फोन होतो, कपाटातली जुनी जीन्स बाहेर येते, नवे बूट घेतले जातात.

मग तिसरा आठवडा उजाडतो. खाणं तेच, चालणं तेच आणि काटा ढिम्म. उलट एखाद्या सकाळी पाचशे ग्रॅम वरच. त्यामागचं गणित साधं आहे, पण ते कुणी आधी सांगत नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. रोज 300 कॅलरी कमी खाल्ल्या तर एक किलो जायला पंचवीस-सव्वीस दिवस लागणार. त्याच वेळी शरीरातलं पाणी रोज किलोभर खाली-वर होतच असतं. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, पाळीचे दिवस, नीट न झालेलं पोट, सगळ्याचा हिशेब त्याच काट्यावर. म्हणजे महिनाभराची खरी कमाई एका रात्रीच्या पापडाखाली झाकली जाऊ शकते. अशा वेळी मन खट्टू होतं, आणि खट्टू झालेलं मन सरळ फरसाणाच्या डब्याकडे जातं.

पूर्वी वजन करणं ही करमणूक होती. मे महिन्यात मामाकडे मुंबईला जायचं आणि दादरच्या फलाटावर त्या लाल-पिवळे दिवे मिचकावणाऱ्या यंत्रावर चढायचं. चकती गरगर फिरून थांबली की रुपया टाकायचा, खट्‌कन जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला नटाचं किंवा नटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्य. वजन कितीही भरो, भविष्य चांगलंच असायचं. आपण भविष्य मोठ्याने वाचायचो आणि वजन विसरून जायचो. आता काटा पलंगाखाली आहे, दशांशापर्यंत आकडा दाखवतो, तो मोबाइललाही कळवतो, आणि भविष्य काही सांगत नाही.

ज्या आकड्यांपुढे आपण असे हिरमुसतो, त्यांची कुळं जरा बघावीत. डॉक्टर, विमावाले आणि जिममधला तो दंड अंगाला न लागणारा मुलगा, सगळे ज्याच्यावरून आपल्याला जोखतात तो बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचं हे सूत्र ॲडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाचं, 1830 च्या दशकातलं. त्याला कुणाला बारीक करायचं नव्हतं. हजारो लोकांची मापं घेऊन त्यातून 'सरासरी माणूस' कसा दिसतो हे त्याला शोधायचं होतं. ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1972 मध्ये या सूत्राला आजचं नाव दिलं, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. सरासरी माणसासाठी केलेलं माप आपण रोज सकाळी स्वतःच्या पोटाला लावतो.

बरं, हे माप सगळ्यांना सारखंही नाही. जागतिक तक्त्यात 25 च्या पुढे वजन जास्त आणि 30 पासून स्थूल. भारतीयांसाठी मात्र 23 आणि 25. माझी एक चुलत बहीण न्यू जर्सीत राहते. ती तिथल्या तक्त्यावर नुसती 'वजन जास्त' आहे आणि इथे सुट्टीला आली की 'स्थूल' होते. ती म्हणते, मी विमानात एवढं काय खाल्लं? हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही, कारण आपली चरबी पोटावर जास्त साठते आणि मधुमेह कमी वजनालाच गाठतो. म्हणून बायकांनी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावा म्हणतात, पुरुषांनी 90 च्या. शिंप्याची टेप काट्यापेक्षा जास्त खरं बोलते, असं माझं तरी मत झालं आहे.

दहा हजार पावलांचं तसंच. टोकियोत 1964 मध्ये ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं सुटलं आणि 1965 मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. 'दहा हजार पावलांचा मीटर' असं त्याचं नावच होतं. आकडा गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा. तेव्हापासून तो धर्माज्ञेसारखा बसला. आमच्या सोसायटीत रात्री अकराला सोफा ते टीव्ही अशा येरझाऱ्या घालणारे किमान तीन गृहस्थ मला माहीत आहेत. खालच्या मजल्यावरचे आजोबा सकाळी विचारतात, काल रात्री तुमच्याकडे कुणाची तब्येत बिघडली होती का?

यात आपल्याकडचे सल्ले वेगळेच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका आणि मधे काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर सांगतात, भाताला आणि तुपाला घाबरू नका. दोघांचंही ऐकणारी माणसं मी महाराष्ट्रभर पाहिली आहेत: पंचावन्न मिनिटं दीक्षितांची, तूप दिवेकरांचं. बागेच्या फाटकाशी दुधी-कारल्याच्या रसाची गाडी असते ती वेगळी. दुधी कडू लागला तर रस पिऊ नका, तो विषारी असू शकतो, असं डॉक्टर बजावून सांगतात. पण कडू म्हणजे गुणकारी, ही आपली समजूत इतकी घट्ट की लोक डोळे मिटून पेला रिकामा करतात आणि तोंडाची चव परत यावी म्हणून शेजारच्या गाडीवर पोहे खातात.

'पुढच्या महिन्यापासून' म्हणणाऱ्याची मी चेष्टा करत नाही. त्याने कोणता महिना धरावा? श्रावणात उपवास, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे तूप-दाण्याच्या कुटात परतलेला निव्वळ स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी हे पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. मग मोदक, दसरा, दिवाळीचा फराळ, हुरडा, तिळगूळ, होळीची पोळी. मेमध्ये आमरसाला नाही म्हणणाऱ्या माणसाशी मला ओळखही ठेवायची नाही.

त्यातूनही कुणी खरंच बारीक झालंच, तर कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. लग्नकार्यात भेटलेली पहिली मावशी खांद्याला हात लावून, आवाज खाली आणून विचारते, "किती वाळलीस गं! शुगर निघाली का?" दुसरी म्हणते, चेहरा उतरलाय. तिसरी काही बोलत नाही, ताटात एक जिलबी वाढते.

मग माणूस टिकतो कशावर? सकाळी मोबाइलवर सूर्योदयाच्या चित्रासोबत जे सुविचार येतात, त्यांच्यावर टिकलेला अजून तरी मला भेटलेला नाही. उत्साह ही चीज पहाटे साडेपाचला कुणाकडेच नसते, निदान कोथरूडमध्ये तरी. माझ्याकडे आहेत त्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या बँकेतून निवृत्त झाल्यात, गुडघ्याला पट्टा बांधतात आणि बेल वाजवत नाहीत. खाली गेटपाशी उभ्या राहून फोनची एक रिंग देतात. ती रिंग वाजून गेल्यावर झोपणं मला अजून जमलेलं नाही. बाई अंधारात ताटकळतेय म्हटल्यावर पाय आपोआप बुटात जातात.

आम्ही वेताळ टेकडीवर जातो. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने चढायचं, खाणीपर्यंत जायचं, मोर ओरडले तर थांबायचं. पण खरं सांगायचं तर मला ओढून नेते ती काकूंची गोष्ट. त्यांच्या दिराच्या मुलीचं लग्न ठरत होतं, मोडत होतं, पुन्हा ठरत होतं. चढावर काकूंना दम लागतो म्हणून त्या बोलत नाहीत. गोष्ट फक्त सपाटीवर पुढे सरकते आणि उतार संपता संपता अशा जागी तुटते की दुसऱ्या दिवशी जाणं भागच पडतं. मुलाकडच्यांनी पत्रिका परत का मागवली हे कळण्यासाठी मी तापाच्या अंगानेसुद्धा चढले असते. व्यायामतज्ज्ञांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आणि काट्याऐवजी मी दुसऱ्याच गोष्टी बघायला लागले. लिफ्ट बंद पडली तर चौथ्या मजल्यावर पोचल्यावर आधी पाणी मागते की आधी भाजीचा हिशेब सांगते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का. घोरणं कमी झालं का, हे मात्र घरच्यांच्या साक्षीवर अवलंबून, आणि साक्षीदार फितूर आहे. यातलं काहीच रोज खाली-वर होत नाही, त्यामुळे रोज रडूही येत नाही. काटा काढून टाकलेला नाही. महिन्यातून एकदा चढते, आकडा वहीत लिहिते आणि पलंगाखाली सरकवून देते.

काकूंच्या त्या पुतणीचं लग्न अखेर ठरलं, आणि मलाही आमंत्रण आलं. नेसायच्या पैठणीवरचं ब्लाऊज चक्क सैल झालं होतं. ते घेऊन आमच्या नेहमीच्या शिंपीदादांकडे गेले. त्यांनी ते उलटं केलं, बगलेखाली दोन्ही बाजूंना सोडलेली माया बोटांनी चाचपली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच आत घेतो. आतलं जास्तीचं कापड कापून टाकू का? फिटिंग छान बसेल."

म्हटलं, "दादा, शिवण आत घ्या. पण माया कापू नका. लग्नानंतर लगेच दिवाळी आहे."