अहमदाबाद: राजरस्ता आणि पोळ

अहमदाबादला गेलेली आपली बहुतेक मंडळी साबरमती आश्रम आणि साडीखरेदी आटोपून परततात. जुनं शहर राहूनच जातं. बाकी काही चुकलं तरी चालेल, पण भद्रच्या किल्ल्यापासून माणेक चौकापर्यंत पायी फिराच.

१४११ मध्ये गुजरातचा सुलतान अहमदशहानं शहर वसवलं, त्याचा कणा म्हणजे हा रस्ता. किल्ल्यातून बाहेर पडलं की मैदान, मग तीन कमानींची वेस, तीन दरवाजा, आणि तसंच पूर्वेला गेलं की १४२४ ची जामा मशीद. तिच्यामागे खुद्द बादशहाची कबर. दरबार, नमाज आणि कबर, सगळं एका वाटेवर.

तीन दरवाजापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. १७५८ नंतर हे शहर पेशवे आणि गायकवाडांमध्ये वाटलेलं होतं. इथे १८१२ चा देवनागरी लेख आहे. वडिलोपार्जित मिळकतीत बायकांनाही समान हक्क, असं त्यात मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी जाहीर केलंय. १८१२ साली, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं म्हणून! माझा ऊर भरून आला.

राजरस्ता सोडून आत वळलं की पोळ सुरू होते. एका जातीची किंवा एका धंद्यातली घरं, सगळ्यांना मिळून एकच दरवाजा, रात्री तो बंद. आत देऊळ आणि पाखरांना दाणे टाकायचा उंच, कोरीव चबुतरा. बोळ मुद्दाम अरुंद ठेवलेत; मेच्या उन्हातही खाली सावली असते. एका घरी आजींनी चौकातलं झाकण उचलून खालचं टाकं दाखवलं. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात साठवून वर्षभर पुरवायचे. बाहेरच्याला हा चक्रव्यूह वाटतो, पण ऊन, पाणी आणि शेजार यांचा इतका विचार आजच्या कुठल्या सोसायटीत दिसतो?

पुढे विसाव्या शतकात वाहनांसाठी रिलीफ रोड काढला, तो पोळ चिरतच गेला. ऐपत असलेली कुटुंबं नदीपलीकडे गेली. कित्येक लाकडी वाड्यांची आता गोदामं झालीयत, नक्षीच्या खांबांना खोकी टेकवलेली. २०१७ मध्ये युनेस्कोनं हे शहर जागतिक वारसा ठरवलं, भारतातलं पहिलंच. आता हे वाडे सावरायला पैसा आणि माणसं दोन्ही हवीत, आणि तीही लवकर.

सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत हेरिटेज वॉक निघतो. त्यातच जा, पोळमधल्या गुप्त वाटा एकट्यानं सापडत नाहीत.