पेशीच्या पोटातली अगोटीची बेगमी

गेल्या आषाढात खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्ताची स्लाइड बेळगावात माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली आली. लावणीच्या चिखलात पायाला जखम झालेली, चार दिवस ताप. लीशमन रंग चढवून, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगातून पाहिले, तेव्हा पाकळ्या पडलेल्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिलांमध्ये (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये) घोड्याच्या नालासारखे अखंड केंद्रक असलेल्या बऱ्याच बँड पेशी होत्या, आणि एक-दोन तर त्याहूनही कोवळ्या मायलोसाइट. रिपोर्टात ‘लेफ्ट शिफ्ट’, म्हणजे रक्तात कोवळ्या पेशी वाढल्या आहेत, असे लिहून मोकळे होता येते, आणि मी वर्षानुवर्षे तेच करीत आलो आहे.

अस्थिमज्जेत मायलोब्लास्टपासून प्रोमायलोसाइट, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड आणि अखेरीस पक्व न्यूट्रोफिल असा हा प्रवास होतो. (लिम्फोसाइटची वाट निराळी, तिकडे आज वळत नाही.) या पेशींतली जनुके तीच राहतात, कोणत्या टप्प्यावर कोणती वाचली जातात, एवढेच बदलते. प्रोमायलोसाइटमध्ये मायलोपेरॉक्सिडेज आणि इलास्टेज या जंतूंविरुद्धच्या प्रथिनांच्या जनुकांवरून भराभर आरएनए तयार होतो व ती प्रथिने पेशीतल्या पहिल्या, जांभळट कणांत भरली जातात. मायलोसाइटच्या टप्प्यावर ती जनुके मिटतात आणि सीईबीपी-एप्सिलॉन या नियामक प्रथिनाच्या जोरावर लॅक्टोफेरिनचे जनुक सुरू होते. ते प्रथिन दुसऱ्या जातीच्या कणांत जाते. जिलॅटिनेजची पाळी त्याच्याही नंतर.

आमच्याकडे खानापूरच्या घरांतून पाऊस लागण्याआधी अगोटीची बेगमी होते, आणि नंतर महिनोन्‌महिने घर त्याच साठ्यावर चालते. न्यूट्रोफिलचेही बरेचसे तसेच आहे. रक्तात उतरलेल्या पेशीत मायलोपेरॉक्सिडेजचे जनुक केव्हाच बंद झालेले असते, पण प्रथिन भरपूर असते. पुवाला हिरवट छटा येते ती त्याच हिरव्या प्रथिनामुळे. अर्थात पक्व पेशी केवळ शिध्यावर जगते असेही नाही, कारण जंतूंची चाहूल लागताच इंटरल्यूकिन-८ सारखी काही जनुके ती नव्याने चालू करते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट निराळीच. कोणते प्रथिन कोणत्या कणात जायचे, याचा पत्ता त्या प्रथिनावर लिहिलेला असावा, असे कोणालाही वाटेल. परंतु एरवी दुसऱ्या कणांत सापडणारे एनजीएएल हे प्रथिन संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, प्रोमायलोसाइटसारख्या एचएल-६० पेशींत अवेळी तयार करवले, तेव्हा ते पहिल्या जातीच्या कणांत जाऊन बसले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ असा, की त्या वेळी जे कण भरले जात असतील त्यांतच प्रथिन जाते. जनुक कधी चालू झाले यावर त्याची जागा ठरते.

त्या शेतकऱ्याच्या पेशींत जाड, गडद कण ठळक दिसत होते. घाईने बाहेर पडलेल्या पेशींत पहिल्या जातीचे कण असे उठून दिसतात, म्हणून तिथे संसर्गाविषयी शंका नव्हती. मात्र केंद्रकाच्या आकारावरच भिस्त ठेवली तर फसगत होते. पक्व होताना केंद्रकाच्या आवरणातल्या लॅमिन-बी रिसेप्टर या प्रथिनाचे जनुक पुरेसे वाचले गेले नाही, तर केंद्रकाच्या पाकळ्या नीट पडत नाहीत. या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या, धडधाकट माणसाच्या स्लाइडवरही चष्म्यासारखी दोनच पाकळ्यांची केंद्रके दिसतात. ताप नाही, जखम नाही, कण साधे, आणि तरीही अशा पेशी भरपूर दिसल्या, तर मी आता ‘लेफ्ट शिफ्ट’ लिहिण्याआधी, हा दोष वारशाने आला आहे का हे पाहण्यासाठी, आई-वडिलांच्या रक्ताची स्लाइड मागवतो.