ताई आहे ना

"ताई आहे ना, मग गाइडला पैसे कशाला द्यायचे?" महेशदादाने ग्रुपवर टाकलं. त्यावर अंगठे आले, कुणीतरी जोडलेले हात पाठवले आणि आल्प्समधल्या बाइक ट्रिपचा विषय मिटला. गाइडवाली टूर रद्द, आपलं आपण जायचं.

वाईट कुणीच बोललं नाही. कौतुकच आहे ते. मग दुपारपासून एवढं लागून का राहिलंय, ते समजेना म्हणून लिहायला बसले.

आधी हिशेबच बघते. टूर कंपनीच्या दरात काय येतं? भाड्याची बाइक, रोजचं हॉटेल, नाश्ता, बहुतेक रात्रींचं जेवण, पुढे बाइकवर गाइड आणि मागून सामानाची व्हॅन. विमान, व्हिसा, पेट्रोल, दुपारचं जेवण आपलं. एकटीला खोली हवी असेल तर त्याचे वेगळे पैसे. इथल्या कंपनीकडून पॅकेज घेतलं तर वर टीसीएस, म्हणजे कंपनीने आगाऊ घेतलेला कर; तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. दादाने यातून बाइकचं भाडं आणि हॉटेलं वजा केली आणि उरलेल्या आकड्यापुढे 'वाचले' असं लिहिलं. त्या आकड्यात व्हॅन आहे, कंपनीचा नफा आहे आणि एका माणसाचं काम आहे. व्हॅन आपण घेणार नाही. नफा कुणाला द्यायचा नाही. काम मात्र तसंच्या तसं राहणार, आणि ते कुणी करायचं हे अंगठ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

आणि ते काम म्युनिकला उतरल्यावर नाही, आत्तापासून सुरू होतं. 'मनाला येईल तसं फिरू' असं सगळे म्हणतात, पण शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीचं बुकिंग जोडावं लागतं. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे झाले तर जिथून आत शिरणार तिथे. आपण बाइक म्युनिकला घेणार, पण जास्त रात्री इटलीतल्या साउथ टिरोलमध्ये, म्हणजे अर्ज इटलीकडे. उद्या कुणाला वाटलं की इन्सब्रुकला आणखी दोन दिवस राहू, तर सगळं गणित पुन्हा मांडा. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. हा विमा पाच मिनिटांत मिळतो, म्हणून कुणी वाचत नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये दुचाकी चालवताना झालेली इजा वगळलेली असते, किंवा ठराविक सीसीच्या वर वगळलेली असते. व्हिसा त्या पॉलिसीवर मिळतो, इस्पितळाचं बिल मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय परवान्याचंही तसंच. आरटीओ देते, वर्षभर चालतो, फी १,००० रुपये. पण त्या पुस्तिकेत वाहनांचे वर्ग असतात: 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. आपल्या लायसन्सवर दोन्ही असले तरी पुस्तिकेत 'ए'पुढे शिक्का आहे का, ते खिडकीसमोरच उघडून बघायचं. तो नसेल तर भाड्याने देणारा चावी हातात देणार नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं कारण मिळेल.

मग डिपॉझिट. मोठ्या बाइकला साधारण १,५०० ते ३,००० युरो कार्डावर अडकवून ठेवतात. कार्ड क्रेडिटच हवं आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं. फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, नवऱ्याचं किंवा भावाचं तर नाहीच. मर्यादेत तेवढी जागा मोकळी हवी, परदेशातला वापर ॲपमधून चालू केलेला हवा आणि चार आकडी पिन पाठ हवा, कारण इटलीतल्या माणूस नसलेल्या पंपावर तोच विचारतात. सहा जण म्हणजे सहा कार्डं. करारात रोजच्या किलोमीटरची मर्यादा किती आणि स्वित्झर्लंडचं नाव आहे का, हेही बघायचं. आणि ऑस्ट्रियातल्या टिरोलचा आवाजाचा नियम आहे. २०२० पासून रॉयट्याच्या परिसरात, हानटेनयोख घाटासकट काही रस्त्यांवर, उन्हाळ्यात ९५ डेसिबलच्या वर आवाज असलेल्या बाइकला बंदी आहे. हा उभ्या बाइकचा आवाज, नोंदणीच्या कागदावर 'यू.१' या रकान्यात लिहिलेला असतो. म्युनिकहून दक्षिणेला जाताना तो भाग नेमका वाटेवर येतो. बाइक कुठली घ्यायची हे रंगावरून ठरवणाऱ्यांना मी ते तीनदा कळवलंय.

कागदांचं मला ओझं नाही, ते होतात. रस्त्यावरचं काम कुणाला दिसतच नाही, बहुधा तेच बोचतंय.

सहा बाइक एका गावातून बाहेर पडतात. गावात मर्यादा ५०, पाटी संपली की ८०. पहिला वेग वाढवतो, दुसरा त्याच्यानंतर, तिसरा त्याच्यानंतर, आणि सहावा अजून ५०वर गावातच असतो. त्याला समोर रिकामा रस्ता दिसतो आणि तो घाबरून ॲक्सिलरेटर पिळतो. म्हणजे पुढचा निवांत ८०ने चाललेला असताना शेवटचा ११०-१२०ने पाठलाग करत असतो. स्वित्झर्लंडमध्ये ८०च्या रस्त्यावर १४० म्हणजे नुसता दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. म्हणून जो सगळ्यांत नवखा त्याला शेवटी नाही, दुसऱ्या नंबरवर ठेवायचं, पुढच्याच्या लगेच मागे. शेवटी सगळ्यांत मुरलेला माणूस. ती जागा मंदारची असायची. आता ती कुणाची, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

वळणावर थांबण्याचीही एक पद्धत आहे. जिथे रस्ता फुटतो तिथे दुसऱ्या नंबरचा कडेला, लांबून दिसेल असा थांबतो, हाताने दिशा दाखवतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाही. पुढच्या फाट्यावर आता जो दुसरा झालाय तो थांबतो. असं केलं की पुढचा नजरेआड झाला तरी कुणी घाबरत नाही आणि पाठलाग होत नाही. सगळं अवलंबून एकाच गोष्टीवर: थांबलेल्याने जागा सोडायची नाही. इटलीतल्या स्टेल्व्हिओ पासचा, म्हणजे खिंडीतल्या घाटरस्त्याचा, माथा ओलांडून बोर्मिओच्या बाजूला थोडं उतरलं की उजवीकडे स्वित्झर्लंडकडे जाणारा उंब्राइलचा फाटा लागतो. तिथला माणूस 'फार वेळ झाला' म्हणून निघून गेला, तर मागचे सरळ बोर्मिओत उतरतात. निम्मा ग्रुप इटलीत, निम्मा स्वित्झर्लंडमध्ये, मधे डोंगर, आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

गाइड हे सगळं करतो, आणि ते होताना कुणाला कळतही नाही. तो नाश्त्यालाच सांगतो की माथा दुपारी दोनच्या आत ओलांडायचा, कारण उन्हाळ्यात वादळी पाऊस दुपारनंतर येतो. मेरानो ३२५ मीटरवर, स्टेल्व्हिओ २,७५७वर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खाली ३० असेल तर वर १४, आणि वाऱ्यात त्याहून कमी. जाळीचं जॅकेट घालून निघालेल्याला आतला थर खालीच चढवायला लावायचा, माथ्यावर बोटं आखडल्यावर नाही. नकाशा २२० किलोमीटरला चार तास दाखवतो. पासवर थांबे धरून सरासरी ताशी ४०च्या आसपास पडते, म्हणजे दिवस गेला. सेल्ला, पोर्दोई, गार्देना, कंपोलोंगो या चार पासवर 'सेलारोंडा बाइक डे' असतो आणि ती बाइक म्हणजे सायकल; त्या दिवशी आपल्याला रस्ता बंद. ती तारीख कुणीतरी बघून ठेवलेली असते म्हणूनच बाकीच्यांना ती माहीत नसते.

आणि पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला बजावतो की उजवी बाजू विसरायची वेळ गर्दीत येत नाही. पेट्रोल भरून रिकाम्या रस्त्यावर निघताना येते, सकाळी हॉटेलच्या दारातून निघताना येते. हेअरपिनचंही उलटं होतं. वरंधा घाटात आपल्याला डावं वळण आवळ वाटतं, तिथे उजवं. स्टेल्व्हिओला ट्राफॉयच्या बाजूने ४८ वळणं आहेत. चढावर उजवीकडे वळताना पहिला गिअर, क्लच अर्ध्यावर, मागच्या ब्रेकवर हलका पाय, ॲक्सिलरेटर स्थिर. आणि वळायच्या आधी मान वर करून वरच्या पट्ट्यातून बस येतेय का ते बघायचं, कारण तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. नजर चाकासमोर गेली की बाइक तिथेच बसते. सामानाच्या पेट्यांसकट अडीचशे किलोच्या वर वजन, आडवी झाली की लिव्हर आणि इंडिकेटर डिपॉझिटमधून.

तर हे सगळं 'वाचले' या एका शब्दात बसवलंय. मी वाचायचं, मी जोडायचं, रात्री अकराला हॉटेलला मेल मी करायचा, पुढे मी राहायचं, आणि बाकीचे माथ्यावर सॉसेज खात असताना खालच्या वळणावर आभाळाकडे बघत मी उभी. आईकडे या महिन्यात कोण राहणार हेही 'ताई आहे ना'नेच सुटलं होतं. ते इथे नको.

एवढं लिहिल्यावर थोडं स्वच्छ दिसायला लागलंय. पैसे मला नकोत. कुणी दिले तर मीच घेणार नाही. आणि आल्प्ससाठी गाइड लागतोच असंही माझं मत नाही. पाट्या चोख, गावागावात हॉटेल, दर थोड्या अंतरावर पंप. स्वतः आखून जायला याहून सोपा डोंगरी भाग नाही. पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्याने गाइडबरोबर जावं, त्याचे पैसे वसूल होतात. दोघांनाच जायचं असेल तर मधला मार्ग उत्तम: बाइक, हॉटेलं आणि रस्त्याच्या आखणीची जीपीएक्स फाइल कंपनीची, चालायचं आपल्या वेळेने. सहा जणांना मात्र कुणीतरी गाइड असतोच. त्याला पगार असतो किंवा नसतो, एवढाच फरक.

पगाराखेरीज गाइडकडे आणखी एक गोष्ट असते, आणि ती माझ्याकडे नाही. तो जेवताना म्हणतो, 'उद्या वर बर्फ पडण्याचा अंदाज आहे, स्टेल्व्हिओ रद्द, खालच्या दरीतून जाऊ', आणि बारा अनोळखी माणसं मान हलवतात. मी तेच म्हटलं की पाच जण फोन काढून पाच वेगवेगळी हवामानाची ॲपं बघतात, कुणी रुसतं, कुणी 'बघू सकाळी' म्हणतं. मला हवा आहे तो हा अधिकार. बाकी काम मी करेन. आवडतं मला ते, हे दादाला माहीत आहे आणि त्याचं काही चुकलेलं नाही.

म्हणून अटी लिहून काढल्यात. रद्द म्हटलं की रद्द, मत मागायचं नाही. वळणावर थांबलेल्याने शेवटचा आल्याशिवाय हलायचं नाही, मग वीस मिनिटं लागोत. प्रत्येकाच्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि त्या दिवसाची फाइल आदल्या रात्रीच. फाइल ट्रॅकची, म्हणजे ठरलेल्या रेघेची, रूटची नाही. रूट प्रत्येक उपकरण आपल्या बुद्धीने पुन्हा आखतं आणि मग एक जण हायवेवर जातो. सगळ्यांनी वरंध्यात दोन रविवार उजवी हेअरपिन चढ-उतार करायची, पेट्यांत वजन भरून. आणि शेवटची जागा कोण घेणार, ते नाव तिकिटं काढायच्या आधी मला हवं.

व्हॅनचं काय, हा प्रश्न उरतो. त्यावर एक सुचलंय. ट्राफॉयच्या बाजूला पायथ्याशी असलेल्या प्राडला एक नाही, दोन रात्री घ्यायच्या. मधल्या दिवशी पेट्या खोलीत ठेवून हलक्या बाइकवर स्टेल्व्हिओ चढायचा, उंब्राइलवरून सांता मारियाला उतरायचं आणि ग्लुर्न्सवरून संध्याकाळच्या आत प्राडला परत. ४८ वळणं चढायची, उतरायची नाहीत. उतारावर ती जास्त अवघड. उंब्राइल २०१५ पासून पूर्ण डांबरी आहे. वाटेत स्वित्झर्लंड लागतं पण मोटरवे लागत नाही, म्हणजे ४० फ्रँकचं स्टिकरही लागत नाही. शिवाय इटलीतली एक रात्र वाढते, म्हणजे व्हिसाचा अर्ज आहे तिथेच राहतो. शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरते. हॉटेल रात्रीच्या जेवणासकट मिळतंय आणि बुकिंग आठवडाभर आधीपर्यंत फुकट रद्द होतं. सहा बाइकना गॅरेज आहे का, तेवढं मेल करून विचारायचं राहिलंय.